पैसे देऊन आणलेली बातमी असेल तर तसं छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार,

तुमच्या मनोरंजनाच्या पानावर परदेशातल्या सेलिब्रिटींच्या ज्या बातम्या येतात त्याबद्दल लिहितेय. कुणाचं कुणाशी बिनसलं, कोण व्यसनमुक्ती केंद्रात गेलं, कुणाला काय आजार झालाय. या बातम्यांमध्ये एक वाक्य ठरलेलं असतं, की जवळच्या सूत्रांनी एका टॅब्लॉइडला, म्हणजे असल्या सनसनाटी गॉसिपच्या पेपरला, अशी माहिती दिली. बास, तेवढंच. त्या जवळच्या माणसाला टॅब्लॉइडनं पैसे दिले होते का, दिले तर किती, आणि कशाच्या बदल्यात दिले, हे कुठेच नसतं. माझं म्हणणं आहे की ते असलं पाहिजे. का, ते सविस्तर लिहिते, पत्र लांबणार आहे, छापताना काटछाट केलीत तरी चालेल पण एकदा तुम्ही स्वतः पूर्ण वाचा ही विनंती.

मी आधी हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममध्ये नोकरी करायचे, आता रिटायर आहे. त्यामुळे या विषयात मला जरा जास्तच चीड आहे हे सुरुवातीलाच सांगते.

सोर्सला पैसे देऊन स्टोरी घ्यायची पद्धत ब्रिटन-अमेरिकेतल्या टॅब्लॉइडमध्ये जुनी आहे आणि त्यांना त्यात लाजही वाटत नाही. पानाच्या तळाला सरळ ओळ असते की तुमच्याकडे स्टोरी आहे का, फोन करा, आम्ही पैसे देतो. अमेरिकेतल्या नॅशनल एन्क्वायरर या टॅब्लॉइडचे तेव्हाचे प्रकाशक डेव्हिड पेकर यांनी एप्रिल २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात शपथेवर सांगितलं की हो, आम्ही स्टोरीला पैसे मोजायचो, एडिटरना १० हजार डॉलरपर्यंत खर्च करायची मुभा होती, त्याच्या वर गेलं की मला विचारायला लागायचं. तिकडच्याच सोसायटी ऑफ प्रोफेशनल जर्नलिस्ट्स या पत्रकार संघटनेची आचारसंहिता मात्र म्हणते की पैसे किंवा मेहेरबानी मागून माहिती देणाऱ्यापासून सावध राहा, बातमीसाठी पैसे देऊ नका. एकाच देशात एकाच धंद्यात ही दोन टोकं आहेत, आणि वाचकाच्या हातात पडणारा मजकूर दोन्हीकडचा अगदी सारखा दिसतो. मला खटकतं ते हेच.

आता पैसे दिले तर बिघडलं काय, असं खूप जण म्हणतात. सेलिब्रिटी आहेत, करोडो कमावतात, त्यांच्याबद्दल चार गोष्टी बाहेर आल्या तर एवढं काय. त्यांना मी फॅरा फॉसेटची गोष्ट सांगते.

ही अमेरिकन अभिनेत्री, एके काळी घराघरात तिचं पोस्टर होतं. २००६ मध्ये तिला कॅन्सर निघाला आणि लॉस एंजेलिसच्या यूसीएलए मेडिकल सेंटरमध्ये उपचार सुरू झाले. तिच्या तब्येतीची एकेक गोष्ट एन्क्वायररमध्ये यायला लागली. ती सांगायच्या आधी. हे ओळखीतलं कुणी करतंय की हॉस्पिटलमधून जातंय हे तिला कळायला मार्ग नव्हता, आणि विचार करा की कॅन्सरच्या ट्रीटमेंटमध्ये असलेल्या बाईला आपल्याला भेटायला येणाऱ्या प्रत्येकाकडे संशयानं बघायची वेळ आली. २००७ च्या मे महिन्यात कॅन्सर उलटला तेव्हा तिनं डॉक्टरांशी बोलून ठरवलं की हे जवळजवळ कुणालाच सांगायचं नाही, नातेवाईकांना नाही, मित्रमैत्रिणींना नाही, म्हणजे आता फुटलं तर हॉस्पिटलमधूनच फुटलं हे नक्की होईल. थोड्याच दिवसांत ते छापून आलं. नंतर चौकशीत निघालं की तिथल्या एका प्रशासकीय कर्मचारी बाईनं सेलिब्रिटी पेशंटांच्या फायली उघडून माहिती विकली होती आणि तिला त्याचे निदान ४,६०० डॉलर मिळाले होते, चेक नवऱ्याच्या नावावर निघायचे. तिनं डिसेंबर २००८ मध्ये गुन्हा कबूल केला आणि शिक्षा सुनवायच्या आधीच वारली. फॉसेट जून २००९ मध्ये गेली. सेलिब्रिटींच्या फायली कर्मचारी विनाकारण बघत होते या तक्रारींवरून हॉस्पिटलनं २०११ मध्ये ८ लाख ६५ हजार ५०० डॉलर भरून सरकारशी तडजोड केली. ज्यानं चेक लिहिले त्या पेपरवर खटला झाला नाही.

४,६०० डॉलर. एवढ्यात एका बाईची नोकरी गेली, इज्जत गेली, आणि दुसऱ्या बाईच्या शेवटच्या दोन वर्षांतली शांतता गेली.

मी रेकॉर्ड रूममध्ये होते तेव्हा कॉम्प्युटर नंतर आला, आधी सगळ्या कागदी फायली. फाइल काढली की तिच्या जागी स्लिप लावायची, त्यावर कुणी नेली, कुठल्या वॉर्डला नेली, कधी नेली. एरवी ही स्लिप म्हणजे कटकट वाटायची सगळ्यांना. पण कुणी नावाजलेलं माणूस ॲडमिट झालं की त्या दिवशी आमच्या खोलीत एरवी कधी न फिरकणारी माणसं यायची, काहीतरी निमित्त काढून, सहज म्हणून, आणि मग हळूच, जरा बघू दे ना काय झालंय. त्यात बहुतेकांच्या मनात वाईट काही नसायचं, नुसती उत्सुकता. मी स्लिप आणि पेन पुढे करायचे, सही करा आणि बघा. सही म्हटलं की निघून जायचे. एकदा मात्र फोन आला, बोलणारा फार गोड, म्हणाला की अमुक अमुक तुमच्याकडे ॲडमिट आहेत का, फक्त हो किंवा नाही म्हणा, बाकी काही नको, तुमचं नाव कुठे येणार नाही आणि तुमचं काय ते आपण बघू. मी फोन ठेवला आणि साहेबांना जाऊन सांगितलं. पण ते "तुमचं काय ते आपण बघू" माझ्या डोक्यात राहिलं कारण मला माहीत होतं की माझ्याच शेजारी बसणारी जी मुलगी होती तिच्या घरी तेव्हा किती ओढाताण चाललेली आणि तो फोन तिनं उचलला असता तर तिला नाही म्हणायला माझ्यापेक्षा कितीतरी जास्त जड गेलं असतं. या धंद्याला हे बरोब्बर माहीत असतं. तो फोन कधी मोठ्या डॉक्टरांना जात नाही, ज्याच्या हाताशी फाइल आहे आणि खिशात पैसे नाहीत त्याला जातो. ड्रायव्हर, आया, वॉर्डबॉय, हॉटेलातला सिक्युरिटीवाला, घरकाम करणारी बाई.

२०१४ मध्ये अमेरिकन गायिका बियॉन्सेच्या बहिणीचा, सोलांजचा, न्यूयॉर्कच्या एका हॉटेलच्या लिफ्टमधला सीसीटीव्ही व्हिडिओ टीएमझी या अमेरिकन गॉसिप साइटनं दाखवला, सगळ्या जगानं बघितला. घरातलं भांडण, तेही बंद लिफ्टमधलं. हॉटेलनं कुणी तो बाहेर दिला ते शोधलं आणि त्याला कामावरून काढलं. साइट आजही जोरात चालू आहे.

ब्रिटनमध्ये तर हे फार मोठ्या प्रमाणात घडलं. २००३ मध्ये रेबेका वेड (नंतरच्या रेबेका ब्रुक्स), तेव्हा द सन या टॅब्लॉइडच्या एडिटर, पार्लमेंटच्या समितीपुढे बोलून गेल्या की आम्ही पूर्वी पोलिसांना माहितीसाठी पैसे दिलेत. सरकारी नोकराला पैसे देणं म्हणजे लाच, पण तेव्हा काही झालं नाही. मग २०११ मध्ये फोन हॅकिंगचं, म्हणजे पत्रकारांनी लोकांचे व्हॉइसमेल चोरून ऐकल्याचं, प्रकरण फुटलं, न्यूज ऑफ द वर्ल्ड हा १६८ वर्षांचा पेपर त्या जुलैमध्ये बंद झाला, आणि पोलिसांनी ऑपरेशन एल्वेडन नावानं सरकारी नोकरांना पैसे दिल्याचा वेगळा तपास काढला. त्यात पेपरच्या मालक कंपनीनंच स्वतःचे ईमेल आणि कागदपत्रं पोलिसांकडे दिली, ज्यातून सोर्स कोण होते ते उघड झालं. तुमचं नाव कुठे येणार नाही असं ज्यांना सांगून पैसे दिले तीच ही माणसं. पोलीस, तुरुंगातले कर्मचारी असे कितीतरी जण दोषी ठरले, जेलमध्ये गेले. पत्रकार मात्र बहुतेक सगळे सुटले, कुणी निर्दोष ठरलं, कुणाचे खटले सोडून दिले. आता मी त्या विकणाऱ्यांची बाजू घेत नाहीये, पोलिसानं माहिती विकणं हा गुन्हाच आहे. पण पैसे देऊ करणारा आणि घेणारा हे दोघं मिळून एक व्यवहार होतो ना, मग एक आत आणि एक बाहेर असं कसं.

हे झालं विकणाऱ्याचं. पण पैशानं बातमीचं काय होतं हे त्याहून महत्त्वाचं आहे, कारण ती बातमी आपण वाचतो.

मॅक्स मॉस्ले हे फॉर्म्युला वन चालवणाऱ्या संघटनेचे अध्यक्ष होते. २००८ मध्ये न्यूज ऑफ द वर्ल्डनं त्यांच्या खासगी सेक्स पार्टीचा व्हिडिओ आणि बातमी छापली, आणि हेडिंगमध्ये त्याला नाझी थाटाचं म्हटलं; त्यांचे वडील ब्रिटनमधले फॅसिस्ट नेते होते. मॉस्ले कोर्टात गेले. कोर्टात काय बाहेर आलं बघा. तिथे असलेल्या एका बाईला पेपरनं छुपा कॅमेरा दिला होता आणि २५ हजार पौंड कबूल केले होते. आणि कॅमेरा कसा वापरायचा हे शिकवताना रिपोर्टर तिला सांगतोय की त्याला नाझी सलाम करायला लावशील तेव्हा अडीच-तीन मीटर लांब थांब म्हणजे तो नीट फ्रेममध्ये येईल. घडायच्या आधीच! म्हणजे बातमीत काय पाहिजे ते आधीच ठरलेलं आणि माल त्याप्रमाणे आणायचा. बातमी छापून झाल्यावर त्या बाईचे पैसे २५ वरून १२ हजारांवर आणले. आणि बाकीच्या बायकांपैकी दोघींना त्याच रिपोर्टरचे ईमेल गेले की तुमची स्टोरी द्या, ८ हजार पौंड देतो, चेहरा दाखवणार नाही, ज्याचा अर्थ नाही दिलीत तर दाखवू असा होतो, आणि जज्जनीही ते ब्लॅकमेलच्या जवळ जाणारं म्हणून झापलं. कोर्टानं निकाल दिला की नाझी वगैरे त्यात काही नव्हतं आणि मॉस्लेंना ६० हजार पौंड नुकसानभरपाई मिळाली. मला मॉस्ले या माणसाबद्दल काही विशेष प्रेम नाही. पण ज्यानं त्या रविवारी तो पेपर विकत घेऊन वाचला त्याला वाटलं असणार की एका बाईनं बघितलं ते सांगितलं. तिला सांगायचे २५ हजार होते आणि काय सांगायचं तेही सुचवलेलं होतं, हे त्या पानावर एका ओळीत असतं तर त्यानं ती बातमी तशीच वाचली असती का? मला नाही वाटत.

पैसे घेणाऱ्याला कळत असतं की साधी गोष्ट विकली जात नाही. "ते दोघं व्यवस्थित आहेत, रात्री जेवून झोपले" याला कोण पैसे देणार. मग जे आहे त्याला थोडं तिखट लावलं जातं, भांडण असेल तर मारामारी होते, मारामारी असेल तर पोलीस येतात. आणि पैसे देणाऱ्यालाही त्याच्या पैशाची वसुली करायची असते, १० हजार मोजून आणलेली स्टोरी खोटी निघतेय असं कळलं तरी ती फेकून द्यायला कुठल्या एडिटरचा हात धजेल.

पडताळणी किती होते याचं अजून एक उदाहरण. इंग्लंडचा फुटबॉलपटू वेन रूनीची बायको कोलीन हिला असं लक्षात आलं की तिच्या प्रायव्हेट इन्स्टाग्रामवरच्या गोष्टी द सन मध्ये येतायत. २०१९ मध्ये तिनं काय केलं, मुद्दाम खोट्या गोष्टी टाकल्या, नवीन घराच्या तळघरात पाणी शिरलं वगैरे, आणि त्या फक्त एकाच अकाउंटला दिसतील अशी सेटिंग केली. त्या खोट्या गोष्टी पेपरात बातमी म्हणून आल्या. पुढे ते अकाउंट जिचं होतं तिनंच कोलीनवर मानहानीचा खटला केला आणि जुलै २०२२ मध्ये कोर्टानं कोलीनचं म्हणणं मुख्यतः खरं धरलं. पैशाचा भाग मी इथे बाजूला ठेवते. पण तळघरात पाणी शिरलंच नव्हतं, तरी "सूत्रांनी सांगितलं" म्हणून छापून मोकळे. आणि इथेही तेच, एका बाईला स्वतःच्या ओळखीतल्या माणसासाठी सापळा लावावा लागला.

आता मी माझ्या मुख्य मुद्द्याकडे येते. कोर्टानं हा प्रश्न फार आधी ओळखला. १९७९ मध्ये ब्रिटनमधले लिबरल पक्षाचे माजी नेते जेरेमी थॉर्प यांच्यावर खुनाच्या कटाचा खटला चालला. त्यातला एक मोठा साक्षीदार पीटर बेसेल, तोही माजी खासदार. त्यानं संडे टेलिग्राफशी करार केला होता, थॉर्प दोषी ठरले तर ५० हजार पौंड आणि सुटले तर २५ हजार. म्हणजे ज्याच्या साक्षीवर माणूस जेलमध्ये जाणार त्याला तो जेलमध्ये गेला तर डबल. बचाव पक्षानं हे काढलं, त्या साक्षीची किंमत राहिली नाही, थॉर्प सुटले. ते दोषी होते की नव्हते हे मला माहीत नाही पण त्या करारामुळे ते नीट ठरवणंच अवघड होऊन बसलं. पुढे २००३ मध्ये व्हिक्टोरिया बेकहॅमच्या अपहरणाच्या कटाचा खटला असाच कोसळला कारण मुख्य साक्षीदाराला न्यूज ऑफ द वर्ल्डनं १० हजार पौंड दिले होते, सरकारी वकिलांनीच सांगितलं की याच्यावर विसंबता येत नाही. अमेरिकेत ओ. जे. सिम्पसन या माजी खेळाडूवरच्या खुनाच्या केसमध्ये, त्यानं आमच्याकडून चाकू घेतला ही आपली गोष्ट चाकूच्या दुकानातल्या माणसांनी एन्क्वायररला १२,५०० डॉलरला विकली आणि मग मुख्य खटल्यात त्यांना साक्षीला उभं केलंच नाही.

याच्यातून शहाणे होऊन ब्रिटनमधल्या पेपरांनी आपल्या एडिटर्स कोडमध्ये, म्हणजे संपादकांच्या आचारसंहितेत, नियम घातला, आजही आहे. खटला सुरू असताना साक्षीदाराला पैसे द्यायचे नाहीत. निकालावर अवलंबून पैसे तर कधीच नाहीत. आणि आधी पैसे दिले असतील आणि तो माणूस नंतर साक्षीला आला तर ते सरकारी वकिलांना आणि बचाव पक्षाला दोघांनाही सांगायचं.

हे वाचल्यावर मला वाटलं, अरे मग वाचकानं काय पाप केलंय. पेपरवाल्यांनी स्वतःच लिहून मान्य केलंय की पैसे घेतलेल्या माणसाच्या शब्दाकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागतं, म्हणून कोर्टात दोन्ही बाजूंना आधी कल्पना द्यायची. तोच शब्द रविवारच्या पेपरात लाखो लोक वाचणार, त्यावरून एखाद्या माणसाबद्दल कायमचं मत बनवणार, त्यांना मात्र कल्पना द्यायची नाही. कोर्टात निदान उलटतपासणी तरी होते. पेपरात बदनाम झालेल्या माणसाला ती सोय नाही, आणि वाचकाला तर नाहीच नाही.

काही जण म्हणतील की गरीब बाईनं चार पैसे कमावले तर तुमचं काय जातं, पेपर तर त्याच्या दसपट कमावतो. हा मुद्दा मी हलक्यात घेत नाही. समजा एखाद्या स्टारच्या घरी कामाला असलेल्या बाईला त्यानं मारलं, पगार बुडवला, आणि ती आपली कहाणी विकते. ती कहाणी तिची आहे, तिच्या अंगावर घडलेली, तिनं ती द्यावी की विकावी हा तिचा हक्क. पण पेशंटची फाइल रेकॉर्ड क्लार्कची नसते. व्यसनमुक्तीच्या मीटिंगमध्ये शेजारी बसून एखाद्यानं रडत सांगितलेलं त्याच्या शेजाऱ्याचं नसतं. नाओमी कॅम्पबेल ही ब्रिटिश मॉडेल अशा मीटिंगला जायची ते डेली मिररनं फोटोसकट छापलं, आणि पेपरला ते कळलं एकतर तिच्या जवळच्या कुणाकडून नाहीतर त्याच मीटिंगला येणाऱ्या दुसऱ्या कुणाकडून. २००४ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च कोर्टानं, तिच्या बाजूनं निकाल दिला, भरपाई ३,५०० पौंड. अशा मीटिंगमधून एक जरी माणूस पेपरकडे गेला असा संशय आला तर बाकीची माणसं तिथे तोंड उघडतील का? ती काही सेलिब्रिटी नसतात, साधीच माणसं असतात, त्यांचं नुकसान कुणी मोजत नाही.

स्टार लोक स्वतः लग्नाचे फोटो मॅगझिनला विकतात हेही खरं आहे. हॉलिवूडच्या मायकल डग्लस आणि कॅथरीन झीटा-जोन्सनी २००० मध्ये लग्नाचे फोटो ओके मॅगझिनला १० लाख पौंडांना दिले होते. द्या की. तो माल त्यांचा. म्हणून त्यांच्या घरातलं बाकी सगळं विक्रीला निघालं असं होत नाही.

आणि हो, पैसे देऊन आणलेली प्रत्येक बातमी वाईट असं मी म्हणणार नाही, कारण ते खोटं होईल. २००९ मध्ये डेली टेलिग्राफनं ब्रिटिश खासदारांच्या खर्चाची माहिती असलेली डिस्क एक लाखाहून जास्त पौंड देऊन मिळवली. त्यातून निघालं की लोकांच्या पैशातून खासदार काय काय वसूल करत होते, स्पीकरला राजीनामा द्यावा लागला, काही जण जेलमध्ये गेले. ती माहिती लोकांचीच होती, लपवून ठेवलेली. पैसे दिले नसते तर कदाचित आलीच नसती. म्हणून पैसे देण्यावर सरसकट बंदी घाला असं मी म्हणत नाहीये. पैसे दिलेत तर ते सांगा एवढंच म्हणतेय. टेलिग्राफच्या डिस्कमध्ये बिलं होती, ज्याला पाहिजे त्यानं तपासावीत, पैसे दिल्याचं कळून त्या बातमीचं काही बिघडलं नाही. जी बातमी पैशाची गोष्ट कळल्याबरोबर गळून पडते ती मुळातच कच्ची होती.

लपवून दिलेल्या पैशाचं शेवटचं टोक काय असतं तेही बघून ठेवू. एन्क्वायररच्या कंपनीनं ऑगस्ट २०१६ मध्ये कॅरन मॅक्डूगल या मॉडेलला दीड लाख डॉलर दिले, डोनाल्ड ट्रम्प यांच्याशी आपले संबंध होते असं ती सांगत होती (ट्रम्प नाही म्हणतात), आणि ती स्टोरी छापलीच नाही. घ्यायची आणि पुरून टाकायची. त्याच्या आधी ट्रम्प यांच्या बिल्डिंगच्या एका दरवानाला ३० हजार डॉलर दिले, तो जे सांगत होता ते खोटंच निघालं असं पेकरनी कोर्टात सांगितलं, तरी पैसे दिले. २०१८ मध्ये कंपनीनं सरकारी वकिलांपुढे मान्य केलं की मॅक्डूगलचे पैसे निवडणुकीवर परिणाम होऊ नये म्हणून होते, आणि २०२१ मध्ये १ लाख ८७ हजार ५०० डॉलर दंड भरला. म्हणजे ज्या चेकबुकनं आज स्टोरी छापायला विकत घेता येते त्याच चेकबुकनं उद्या ती गायबही करता येते, आणि दोन्ही वेळेला वाचकाला पत्ता नसतो. हे गॉसिपच्या पानावर सुरू झालं आणि राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीपर्यंत गेलं, त्यामुळे "हलकंफुलकं पान आहे, एवढं काय मनावर घेताय" असं कृपा करून मला सांगू नका.

आता तुमच्याकडे मागणं. तुम्ही स्वतः सोर्सला पैसे देत नाही असं मी धरून चालते. पण तुम्ही या टॅब्लॉइडच्या बातम्या भाषांतर करून छापता, आणि भाषांतरात पहिली गळते ती मूळ पेपरची ओळख. "एका परदेशी वृत्तानुसार" असं लिहिलं की एन्क्वायरर आणि एखादं चांगलं दैनिक एकाच रांगेत बसतं. तेव्हा अशी बातमी घेतलीत तर त्या पेपरचं नाव लिहा. तो पेपर सोर्सला पैसे देतो हे जगजाहीर असेल तर तेही एका ओळीत लिहा, बातमीच्याच टाइपात, तळाला बारीक अक्षरात नको. कुणाचा आजार, गर्भपात, मानसिक त्रास, व्यसनाचे उपचार, याची बातमी त्या माणसानं किंवा त्याच्या घरच्यांनी स्वतः सांगितली नसेल तर घेऊच नका, मग ती जगात सगळीकडे आलेली असली तरी. कारण ती कुणाच्या तरी फाइलमधूनच बाहेर आलेली असते, आणि ती फाइल कशी बाहेर येते हे मी वर लिहिलंय.

आणि तुमच्याच वार्ताहरांना कधी कुणी पैसे मागितले किंवा त्यांनी कुणाला देऊ केले तर काय करायचं याबद्दल तुमच्या पेपरचा काही लेखी नियम आहे का? असेल तर तो एकदा छापाल का? नसेल तर तसं कळवा, मी उत्तराची वाट बघतेय.

आपली,
रोज पेपर वाचणारी एक निवृत्त रेकॉर्ड क्लार्क